निम्मा तंबू

तंबूच्या काठ्या होत्या, तंबू नव्हता. शेगडी होती, गॅसचं नळकांडं नव्हतं. डबे फोडायची किल्ली होती, डबे नव्हते. बॅटरी होती आणि तिच्यात सेल नव्हते.

एवढा संसार पाठीवर घेऊन वजनमापे खात्याचे वरिष्ठ निरीक्षक डोंगराच्या उतारावर एका टोकदार दगडावर बसले होते. दगड बसण्याच्या लायकीचा नव्हता. पण रागाने तरातरा चालू लागलेल्या माणसाला दमला की पहिल्याच दगडावर बसावं लागतं. निवड करत फिरलं तर राग उतरतो. राहिलेला संसार, म्हणजे तंबूचं कापड, नळकांडं, डबे आणि सेल, त्याच डोंगरावर जरा वर एका चष्मेवाल्याच्या पाठीवर होता. चष्मेवाला हा निरीक्षकांचा शाळेपासूनचा मित्र. दोघांची घरं एकाच मजल्यावर, मधली भिंत सामाईक. आणि आता दोघांचं बोलणं बंद.

यात अन्याय कोणावरच झाला नव्हता. सगळं अगदी न्यायाने झालं होतं. तिथेच घोटाळा झाला होता.

हे कसं झालं, थोडक्यात

थोडक्यात सांगता येत नाही.

चष्मेवाल्याने दुकान बंद केलं तेव्हा निरीक्षक मनातून खूश झाले होते. आता हा दिवसभर घरी असेल, संध्याकाळी गप्पांना उशीर होणार नाही, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब पंधरवडाभर बरोबर निघाला. मग एका संध्याकाळी चष्मेवाला नेहमीसारखा स्लिपर ओढत आला, नेहमीसारखा निरीक्षकांच्या खुर्चीत बसला (निरीक्षकांच्या घरात त्याला दुसरी खुर्ची कधी दिसलीच नाही, आणि हा माणूस जन्मभर लोकांचे डोळे तपासत होता), आणि म्हणाला, "ग्रॅम्या, घर विकतोय."

"कुठलं?"

"माझी किती घरं आहेत लेका? हेच. लेक म्हणते, आमच्याकडे राहायला या. गिऱ्हाईकही मिळालंय. पुढच्या सोमवारी सह्या."

निरीक्षकांनी पेपरची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली.

"म्हणून म्हटलं," चष्मेवाला पुढे म्हणाला, "शाळेपासून बोलतोय आपण, पाठीवर पिशव्या मारून एकदा डोंगरात जाऊ. आता जाऊनच टाकू. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार."

'ग्रॅम्या' या नावाबद्दल सांगायला हवं. शाळेत मधल्या सुट्टीत खाऊ वाटायचं काम निरीक्षकांकडे असे, आणि सगळे तुकडे एकसारखे होईपर्यंत ते कोणाला तोंड लावू देत नसत. अनेकदा घंटा व्हायची आणि खाऊ तसाच राहायचा, पण एकसारखा. असा मुलगा मोठा होऊन वजनमापे खात्यात गेला याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. चष्मेवाल्याचं नाव 'भिंग्या'. ते त्याला बापाच्या दुकानाबरोबर मिळालं.

चष्मेवाला गेल्यावर निरीक्षकांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. भिंत सामाईक असल्याने पलीकडच्या वहिनींनीही ऐकलं असणार.

"अहो, तिथे डोंगरात त्यांना सांगा, जाऊ नका म्हणून."

"योग्य वेळ बघून विषय काढीन."

"तुमची योग्य वेळ मला ठाऊक आहे. मला मागणी घातलीत तेव्हा आमंत्रणं छापून झाली होती."

"तो एकूण व्यवस्थेचा दोष होता."

"असेल. पण ते गेले की तुम्ही बोलणार कोणाशी, सांगा. माझ्याशी तुम्ही बोलत नाही. मला तुम्ही माहिती देता."

निरीक्षकांनी पुन्हा पेपर उलगडला. उत्तर दिलं असतं तर तीही माहितीच झाली असती. पण त्या रात्री त्यांना झोप लागेना. भिंतीपलीकडे चष्मेवाला खोकला तेव्हा कुठे डोळा लागला.

सल्ले

दोन माणसं डोंगरात जाणार ही बातमी इमारतीत कशी पसरली हे कळलं नाही. निरीक्षकांनी ती कोणालाच सांगितली नव्हती. चष्मेवाल्याने सगळ्यांना सांगितली होती.

वरच्या मजल्यावरचे विमा कंपनीतून निवृत्त झालेले काका जिन्यात वाट पाहत उभे होते. "अस्वल आलं तर पळायचं नाही. पडून राहायचं. श्वास रोखायचा."

"तिथे अस्वलं आहेत का?"

"ते मला माहीत नाही. आलं तर म्हणतोय." मग आवाज खाली आणून, "वारस कोण लावलाय?"

तळमजल्यावरच्या काकू, ज्यांना सगळे त्यांच्या गुडघ्यामुळे ओळखत, त्यांनी उतारावर खेकड्यासारखं आडवं चालायला सांगितलं आणि बोळात चालून दाखवलं. त्यांना परत सरळ करायला दोन माणसं लागली. व्यायामशाळा चालवणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं की रोज पाठीवर पोतं घेऊन जिना चढा. निरीक्षक एकदा चढले. पोत्यात काय आहे, असं वाटेत इतक्यांनी विचारलं की पुन्हा चढायची त्यांची छाती झाली नाही.

पाठीवरच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दिल्या. ती दर सुट्टीत कुठल्यातरी सुळक्यावर लटकायची. एक पिशवी मोरपंखी, दुसरी गुलाबी. गुलाबी पिशवीच्या मागे कापडाचा एक ससा शिवलेला होता. कोणी कुठली घ्यायची हे न्यायाने ठरावं म्हणून निरीक्षकांनीच नाणं उडवायची सूचना केली, आणि ते हरले.

"ससा काढता येईल का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"काका, त्याच्याच टाक्यावर पट्टा उभा आहे."

न्याय

आता मुख्य मुद्दा. निरीक्षकांचं म्हणणं असं, की दोन समवयस्क मित्र एका डोंगरावर चढणार, तर दोघांच्या पाठीवर वजन सारखं हवं. यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. चष्मेवाला म्हणाला, "तू तंबू घे, मी शेगडी आणि डबे घेतो."

"तंबू जड पडतो."

"मग मी तंबू घेतो."

"मग तुला जड पडतो."

"मला चालेल."

"चालण्याचा प्रश्न नाही, भिंग्या. तत्त्वाचा आहे."

वस्तू अखंड ठेवल्या की पारडं कुठेतरी झुकायचंच. म्हणून निरीक्षकांनी त्या फोडल्या. काठ्या इकडे, कापड तिकडे. शेगडी इकडे, नळकांडं तिकडे. बॅटरीतले सेलसुद्धा काढले, कारण त्यांच्या मते सेल ही वेगळी वस्तू होती. तरीही गुलाबी पिशवी किंचित हलकी राहिली. ती बरोबरीला आणायला त्यांनी कपाटातलं एक जुनं लोखंडी वजन आणून तिच्यात टाकलं. डोंगरावर चढताना वजन कमी करायला माणसं टूथब्रशचा दांडा कापतात म्हणे. निरीक्षक वजन घेऊन चढणार होते, वजन भरावं म्हणून.

"हे तिकडे उपयोगी काय पडणार?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हे उपयोगासाठी नाही."

पक्कं मोजमाप इमारतीखालच्या वाण्याच्या काट्यावर झालं. तिथे आणखी एक प्रकार घडला. दोन्ही पिशव्या सारख्या भरल्या, चष्मेवाला टाळ्या वाजवत होता, आणि निरीक्षक मात्र काट्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी तो उचलून खालून पाहिला. काटा झुकता होता. फार नाही, पण होता. दुसरा कोणी असता तर पिशव्या उचलून गेला असता. निरीक्षकांनी तिथल्या तिथे नोटीस लिहिली.

"साहेब, तुम्ही तुमचंच वजन करायला आला होतात," वाणी म्हणाला.

"म्हणून तर सापडलं," निरीक्षक म्हणाले.

त्या दिवसापासून वाण्याने निरीक्षकांच्या घरच्यांकडे बघणं सोडलं. पत्नीला काडेपेटीसाठी चौक ओलांडून जावं लागलं, आणि त्या रोज परत येताना जिन्यात मोठ्याने दम टाकत.

दोन आत

डोंगराच्या पायथ्याला वनखात्याची चौकी होती. आडवा बांबू, एक टेबल, टेबलामागे गणवेशातल्या बाई. त्यांनी परवाना दोनदा वाचला, दोघांचे चेहरे एकदा पाहिले आणि सशाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"दोघं आत चाललात. उद्या सूर्य मावळायच्या आत दोघं बाहेर. एक परवाना, एक गट. मागच्या महिन्यात एक जण मध्येच भांडून निघून आला आणि आम्ही दुसऱ्याला दोन दिवस शोधत होतो."

"बरोबर आहे तुमचं," निरीक्षक भारावून म्हणाले. "नियम असा हवा. आणि राबवणारा असा हवा. नाहीतर लोक काहीही कारणं सांगतात."

"सांगतात," बाई म्हणाल्या, आणि बांबू वर केला.

डोंगराचं सौंदर्य

बघायला वेळ मिळाला नाही.

विषय

निरीक्षकांना विषय काढायचा होता. त्यांनी मुद्दे तयार केले होते: परक्या शहरातली हवा, ओळखीचा डॉक्टर नसणं, जावयाच्या घरी उठण्याबसण्याचा संकोच. पहिल्या वळणावर काढू म्हणाले, तर पहिल्या वळणावर धाप लागली. दुसऱ्या वळणावर चष्मेवाला गाणं म्हणत होता. तिसऱ्या वळणावर समोरून कॉलेजची मुलं आली आणि त्यातल्या एकाने "ससा भारी आहे, अंकल" असं म्हटल्यावर पुढची चार वळणं निरीक्षक कोणाशीच बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

दुपारी झऱ्याकाठी दोघांनी बिस्किटं खाल्ली, समान. निरीक्षक झाडाला टेकले आणि त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर आता बोलायचंच, असं ठरवून ते उठले आणि त्यांनी पिशवी उचलली.

पंचनामा

स्थळ: झऱ्याशेजारची सपाट जागा. पंच: एक कावळा आणि समोरचा सुळका, दोघांनीही सही करण्यास नकार दिला.

आम्ही, खाली सही करणार निरीक्षक, विश्रांतीनंतर आपली पिशवी उचलत असता ती अपेक्षेपेक्षा सहज उचलली गेली. सबब संशय आला. सोबत आणलेल्या हातकाट्यावर लावून पाहता ती मूळ वजनापेक्षा स्पष्ट हलकी आढळली. उघडून तपासता आतील लोखंडी वजन, पाण्याची मोठी बाटली व जाड पांघरूण जागेवर नव्हते. सदर वस्तू चष्मेवाला याच्या मोरपंखी पिशवीत, कपड्यांखाली दडवलेल्या स्थितीत मिळून आल्या. त्यास विचारता त्याने "तू धापा टाकत होतास" असे उत्तर दिले. सदर उत्तर समाधानकारक वाटले नाही.

पंचनाम्यात न लिहिलेलं

"मी झोपलो असताना तू माझी पिशवी उघडलीस?"

"अरे, तुझा चेहरा बघितला असतास. लाल झाला होता. म्हटलं थोडं मी घेतो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं दिलं. कारण ठरलं होतं. भिंग्या, याला आमच्याकडे काय म्हणतात माहितीये? पारड्यात हातचलाखी."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. दुकानात तो लोकांना असं कधी करू देत नसे, काचेवर चरे पडतात म्हणून. परत डोळ्यांवर चढवला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं.

"एक सांगू? एवढी वर्षं शेजारी राहतोय आपण. तुझ्या घरून वाटीभर साखर आली की दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडून वाटीभर घेऊन जाणार. माझ्या घरून वाटीभर गेली की संध्याकाळी परत, काठापर्यंत, वर बोटाने सपाट केलेली. मी दवाखान्यात होतो तेव्हा तू तीन रात्री बसलास. तुला साधा ताप आला तर तू मला बोलावलंस, तीन रात्री बसायला. तुला गरज नव्हती, ग्रॅम्या. तुला फिट्टंफाट करायची होती."

"त्यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही. पण आता घर आवरताना लक्षात आलं. माझं तुझ्याकडे काही राहिलेलं नाही, तुझं माझ्याकडे काही नाही. कुठे काही अडकलेलंच नाही. म्हणून तर इतकं सहज उठून जाता येतंय मला."

हा विषयच होता. नेमका हाच. काढला मात्र दुसऱ्याने होता, आणि निरीक्षकांचे सगळे मुद्दे हवा, डॉक्टर आणि जावई यांच्यापाशी तयार उभे राहून बघत होते. अशा वेळी माणूस काहीतरी चांगलं बोलू शकतो. निरीक्षक म्हणाले, "माझी बाटली दे."

चष्मेवाल्याने बाटली दिली. पांघरूण दिलं. लोखंडी वजन दिलं नाही.

"ते राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला आणि वरच्या वाटेला लागला. निरीक्षक खालच्या.

दोन बाहेर

इथे आपण सुरुवातीच्या दगडापाशी परत येतो. निरीक्षक त्याच्यावर फार वेळ बसले नाहीत. दगडाचं टोक त्यांच्या तात्त्विक भूमिकेच्या आड येत होतं. ते उठले आणि उतरत उतरत चौकीवर पोचले.

"परवाना," बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी दिला.

"दुसरे कुठे आहेत?"

"वर आहेत."

"बरे आहेत ना?"

"उत्तम आहेत. मला एकट्याला बाहेर पडायचंय."

"तुम्हाला काही होतंय का?"

"काही होत नाही. आमचं जरा पटलं नाही."

बाईंनी परवाना उलटा करून मागची बाजूही पाहिली. "यात 'पटलं नाही' असा रकाना नाही, साहेब."

"अहो, मी सज्ञान माणूस आहे."

"दुसरे हरवलेत असं लिहून द्या. मग शोधपथक जाईल, भोंग्यावरून त्यांचं नाव पुकारू, दोघांच्या घरी फोन करू. नाहीतर त्यांना घेऊन या."

निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर भोंगा आला, घरचा फोन आला, फोनवर पत्नी आली. जिन्यात उभे असलेले विम्याचे काका आले.

"मी स्वतः सरकारी अधिकारी आहे," ते शेवटचा उपाय म्हणून म्हणाले.

"मग तुम्हाला समजेलच," बाई म्हणाल्या. "सकाळी तुम्हीच म्हणालात, लोक काहीही कारणं सांगतात."

आयुष्यभर निरीक्षक टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. या बाजूने नियम इतका उंच दिसतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते वळले. पाठीमागून बाई म्हणाल्या, "उजेड आहे तोवर पोचाल. पाय उचला. आणि ससा पडायला आलाय."

चढ

पुन्हा तोच चढ. तोच झरा, तेच झाड, तोच कावळा. पायांत गोळे, घशात कोरड, पाठीवर गुलाबी पिशवी आणि तिच्यात बिनकामाच्या काठ्या. डोक्यात सपाट केलेल्या वाट्या, एकामागून एक, वर्षानुवर्षांच्या. मनात नवीन शेजाऱ्याचा अनोळखी खोकला. शेजारी कोणी नाही, गाणं नाही, 'ग्रॅम्या' नाही. क्रियापदं बहुधा दुसऱ्या पिशवीत.

पठार

चष्मेवाला पठारावर मावळतीकडे तोंड करून बसला होता. अंगाभोवती त्याने तंबूचं कापड गुंडाळलं होतं. त्यातून फक्त चष्मा आणि हात बाहेर. हातात लोखंडी वजन. तो वाटाण्याच्या डब्यावर एकेक ठोका घालत होता. डबा चेपून चेपून बशीसारखा झाला होता, पण फुटला नव्हता.

निरीक्षक येऊन उभे राहिले. चष्मेवाल्याने आणखी एक ठोका घातला.

"किल्ली आहे का?"

"आहे."

"मग दे की. समारंभ कसला करतोस?"

निरीक्षकांनी किल्ली दिली. चेपलेल्या डब्याला ती लागेना. दुसरा डबा घेतला.

"उतरला होतास ना तू?"

"चौकीवर सोडेनात. दोघं असल्याशिवाय."

"म्हणजे नाइलाजाने आलास."

इथे दुसरा कोणीही 'नाही' म्हणाला असता. निरीक्षकांना ते जमलं नाही. "हो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "निम्म्या चढापर्यंत नाइलाज होता. पुढचं मला सांगता येणार नाही."

चष्मेवाल्याने डब्यातून मान वर केली, बघितलं आणि डबा पुढे सरकवला. दोघांनी त्यातच चमचे घातले. कोणी किती खाल्ले याची नोंद नाही.

मग त्यांनी तंबू उभा केला. काठ्यांना कापड भेटलं, शेगडीला नळकांडं भेटलं, बॅटरी लागली. तंबू मात्र चष्मेवाल्याच्या बाजूला झुकला. निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांचा हात एकदा दोरीकडे गेलाही, पण ते काही न करता आत जाऊन पडले. बाहेर अजून थोडा उजेड होता. चहा झाला होता. योग्य वेळ म्हणतात ती अशीच असावी, किंवा ती केव्हाच निघून गेली असावी. निरीक्षकांना दोन्हींतला फरक आजवर कळला नव्हता.

"भिंग्या, जाऊ नकोस."

"का?"

"कारण नाही."

"तुझ्याकडे कारण नाही?"

"होती. घरून तयार करून आणली होती. वाटेत बघितली तर सगळी हलकी निघाली." ते तंबूच्या छताकडे बघत बोलत होते. "तू गेलास तर मी बोलणार कोणाशी? बायको म्हणते मी तिला माहिती देतो. खरं आहे ते. तुझ्याशीच तेवढा मी काहीतरी बोलतो."

चष्मेवाला कुशीवर वळला. त्याबरोबर तंबू आणखी झुकला.

"सोमवारी सह्या आहेत रे," तो कापडाला उद्देशून म्हणाला. "लेकीला शब्द दिलाय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मागितलेलं मिळालं नाही तर काय करायचं याचा निरीक्षकांना सराव नव्हता, कारण त्यांनी आजवर कधी काही मागितलंच नव्हतं.

पाय

सकाळी आवराआवर झाली. उतार सुरू व्हायच्याही आधी, सपाट गवतावर, जिथे चालायला शिकणारं मूलही पडलं नसतं, तिथे चष्मेवाला खाली बसला.

"मुरगळला," तो म्हणाला.

"कुठला?"

"उजवा."

निरीक्षकांनी पाय हातात घेऊन पाहिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मग ते उठले, गुलाबी पिशवी पाठीवर चढवली, मोरपंखी पुढून छातीवर घेतली आणि एक खांदा चष्मेवाल्याला दिला.

"अरे, दोन्ही? झेपेल का? जड आहे?"

"माहीत नाही," निरीक्षक म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून याआधी निघाल्याचा कुठे पुरावा नाही. थोडं उतरल्यावर चष्मेवाला म्हणाला, "ग्रॅम्या, हे आता मी कसं फेडू?"

"फेडू नकोस."

"राहू दे माझ्याकडे?"

"राहू दे."

चौकीवरच्या बाईंनी दोन माणसं मोजली, दोन पिशव्या पुढेमागे लादलेला एक अधिकारी बघितला आणि काही न विचारता बांबू वर केला.

इमारतीला लिफ्ट नाही. चष्मेवाला निरीक्षकांच्या खांद्यावर भार टाकून लंगडत एकेक पायरी चढत होता. तळमजल्यावर गुडघ्याच्या काकूंनी शेक सांगितला, दुसऱ्या मजल्यावर व्यायामशाळेवाल्याने बर्फ. आणि तिथून पुढे, चार पायऱ्या झाल्यावर, निरीक्षक थबकले.

चष्मेवाला डावा पाय उचलून धरत होता. उजव्यावर तो अगदी ठणठणीत उभा होता.

पारड्याखालचे लोहचुंबक, दुहेरी तळाची मापं, वजनांच्या पोटातली छिद्रं; निरीक्षकांनी नोकरीत हे सगळं पकडलं होतं. समोरच्याने माल हलवला की तो कुठून हलला हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी तोंड उघडलं. चष्मेवाला पुढची पायरी शोधत होता आणि त्यांच्याकडे बघत नव्हता. फार काळजीपूर्वक बघत नव्हता.

निरीक्षकांनी तोंड मिटलं.

दारात दोघांच्या बायका उभ्या होत्या आणि विम्याचे काकाही खाली आले होते. वहिनींच्या कानाला फोन होता. "घर घेणारे बोलतायत," त्या हाताने फोन झाकत म्हणाल्या. "उद्याचं विचारतायत. काय सांगू?"

"पाय मुरगळलाय म्हणून सांग," चष्मेवाला म्हणाला. "जिना उतरता येणार नाही. बरा होईपर्यंत काही जमायचं नाही. लेकीलाही कळव तसं."

"कुठला पाय?" विम्याच्या काकांनी विचारलं. त्यांचा जन्म असल्याच प्रश्नांत गेला होता.

"डावा."

"सूज दिसत नाही."

सगळे निरीक्षकांकडे बघायला लागले. इमारतीत निरीक्षकांचा शब्द म्हणजे शिक्का. एकदा बसला की वर कोणी बोलत नसे. त्यांच्या पत्नीही बघत होत्या. चष्मेवाला जमिनीकडे बघत होता.

"डावाच," निरीक्षक म्हणाले. "मी होतो ना तिथे."

वहिनींनी फोन कानाला लावला. "हो, हो, पाय मुरगळलाय. डावा. महिना तरी जाईल." मग निरीक्षकांकडे वळून, "महिना पुरेल ना, भावोजी?"

"थोडं जास्तच धरा, वहिनी," निरीक्षक म्हणाले.